व्यवसायाच्या लेखांना विषय कुठून आणावेत : आंब्याच्या पेटीतून सापडलेली पद्धत

धंद्याचे संकेतस्थळ तयार झाले की पहिले तीन लेख भराभर लिहून होतात. आमची परंपरा, आमची उत्पादने, आमचा दर्जा एवढे सांगून झाले की चौथ्या लेखाशी गाडी अडते. मग दसऱ्याच्या शुभेच्छा, महिला दिनाच्या शुभेच्छा आणि अमुक पदार्थाचे दहा फायदे अशी भरती सुरू होते. तो मजकूर कोणी वाचत नाही हे मालकालाही ठाऊक असते, पण पान रिकामे दिसू नये म्हणून तो टाकला जातो. छोट्या व्यावसायिकांसाठी लेखन करताना हा प्रकार मी अनेकदा जवळून पाहिला आहे, आणि सुरुवातीला तसले लेख मीही लिहून दिले आहेत.

विषय शोधण्याची जी पद्धत मी पुढे वापरू लागलो, ती देवगड तालुक्यातील एका बागायतदार कुटुंबाच्या कामातून हळूहळू तयार झाली. हे कुटुंब हापूसच्या पेट्या मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना थेट पाठवते. त्यामुळे उदाहरणे आंब्याची असली, तरी पंपविक्रेत्याला, करसल्लागाराला किंवा चपलांच्या दुकानदाराला हीच पद्धत आपापल्या मालावर बेतून वापरता येईल. टप्प्यांना ‘पायऱ्या’ म्हणण्याचे मी टाळले आहे, कारण आंबेवाल्यांच्या घरात पायरी म्हटले की वेगळेच फळ डोळ्यांपुढे येते.

माल विकणाऱ्याने ग्राहकासाठी लिहावे, ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी म्हणून. लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखान्याचे हे पत्र १९२९ साली ‘किर्लोस्कर’ झाले आणि पुढे मराठी घराघरांत वाचले गेले. मालापुरते न बोलता वाचकाला ज्याची गरज आहे त्याविषयी बोलणारे पत्र किती लांब जाते, याचा हा मराठीतला ठळक दाखला आहे.

फोनशेजारची वही

पहिले काम अगदी साधे आहे आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात. ग्राहकाचा फोन घरात किंवा दुकानात जो उचलतो, त्याच्या हाताशी एक वही ठेवावी आणि आलेला प्रत्येक प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत तीत उतरवावा. आमच्या उदाहरणात फोन उचलत असत बागायतदारांच्या आई, ज्यांना सगळे काकी म्हणतात. संकेतस्थळ सांभाळत होता त्यांचा नातू. त्याला विषय सुचत नव्हते आणि काकी दिवसाला तीच ती उत्तरे देऊन थकत होत्या. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे हे त्या घरात कोणाच्या लक्षात आले नव्हते.

वहीत चार रकाने पुरतात : तारीख, प्रश्न, विचारणारा नवा की जुना, आणि प्रश्न कोणत्या वेळी आला, म्हणजे मागणी नोंदवण्याआधी, पेटीची वाट पाहताना की पेटी उघडल्यावर. यांतील दुसऱ्या रकान्याविषयी कडक राहावे लागते. नातवाने पहिल्या आठवड्यात ‘पक्वतेबाबत विचारणा’, ‘दराबाबत विचारणा’ अशा सरकारी थाटाच्या नोंदी केल्या होत्या. त्या वाचून काहीच लिहिता येत नव्हते. मग काकींनी स्वतः लिहायला घेतले आणि वही बोलू लागली :

‘पेटी उघडली तर सगळे हिरवेगार. कच्चे कशाला पाठवलेत?’

‘चार डझनाची पेटी महाग आणि सहा डझनाची स्वस्त, हे उलटं कसं?’

‘वरून एवढा छान आंबा, कापला तर आत पांढरं, स्पंजासारखं.’

‘देवगड देवगड सगळेच म्हणतात, पण देवगडच कशावरून?’

‘माझी मुलगी न्यू जर्सीला आहे, तिला एक पेटी धाडाल का?’

हे पाच प्रश्न म्हणजे पाच लेखांचे विषय तर आहेतच, पण त्याहून मोलाचे आहेत त्यांतले शब्द. ज्या दोषाला बागायतदार ‘साका’ म्हणतो, त्याला ठाण्याचा ग्राहक ‘आत स्पंजासारखं’ म्हणतो. लेखाच्या मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात ग्राहकाचा शब्द यावा आणि धंद्यातला शब्द त्याला पुढे समजावून सांगावा. धंद्यातल्या माणसाने थेट ‘साक्याची कारणे व उपाय’ असे लिहिले, तर तो लेख दुसरा बागायतदार वाचेल आणि पेटी विकत घेणाऱ्याला तो कधी सापडणारही नाही.

वही निदान एक पूर्ण हंगाम चालवावी. ज्यांचा धंदा बारमाही आहे त्यांना पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच प्रश्नांची पुनरावृत्ती दिसू लागते. तेव्हा नवा प्रश्न लिहिण्याऐवजी जुन्यापुढे काडी मारावी. काड्या कुठे जास्त पडल्या, यावरून कोणता लेख आधी लिहायचा ते ठरते.

साठलेले, पण न चाळलेले

वही आजपासून सुरू होते, पण मागच्या काही वर्षांचे प्रश्न आधीच कुठेतरी साठलेले असतात. व्हॉट्सॲपवरच्या जुन्या संभाषणांत ‘कसं’, ‘का’, ‘किती’, ‘चालेल का’ हे शब्द शोधले तरी पुष्कळ हाती लागते. व्यवसायासाठीचे व्हॉट्सॲप वापरत असाल आणि त्यात झटपट उत्तरे साठवलेली असतील, तर ती यादी अवश्य पाहावी. जे उत्तर पुन्हा पुन्हा टंकण्याचा कंटाळा आल्यामुळे तुम्ही साठवून ठेवले, त्याच्यामागे एक लेख उभा असतो. याखेरीज गूगलवर तुमच्या दुकानाखाली आलेले अभिप्राय आहेत, आणि त्यांतही पाच ताऱ्यांच्या ‘मस्त!’पेक्षा तीन ताऱ्यांचा, थोडा नाराज आणि थोडा खूश अभिप्राय विषयाच्या दृष्टीने कामाचा असतो. त्याच मालाच्या इतर विक्रेत्यांना आलेल्या तक्रारीही वाचाव्यात. मात्र लेखात त्यांच्याकडे बोट दाखवू नये, आणि कोणाही ग्राहकाचे नाव, क्रमांक किंवा संभाषणाचे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून वापरू नये.

एक प्रश्न फोडून पाहणे

आता या पद्धतीतल्या सर्वांत कसदार भागाकडे येतो. प्रश्न मिळाला की लगेच लिहायला बसू नये. आधी तो फोडावा. ‘पेटी हिरवी आली’ हा प्रश्न आम्ही कसा फोडला ते सविस्तर सांगतो.

हा प्रश्न खरे तर तक्रार आहे, आणि तक्रारीच्या मुळाशी एक गैरसमज आहे. हापूस झाडावर पिकवून उतरवत नाहीत. तो तयार झाला की उतरवतात आणि पुढे तो घरात पिकतो. कोकणात याचे माप आण्यांत सांगतात. चौदा आणे तयार झालेला आंबा, म्हणजे सुमारे पंच्याऐंशी टक्के पक्व झालेला आंबा, उतरवायला योग्य. रुपया दशमान होऊन साठ वर्षे उलटली, तरी आंब्याच्या तयारीचा हिशेब अजून सोळा आण्यांचाच आहे. एवढी एक गोष्ट नीट सांगितली तरी एक लेख होतो : ‘आम्ही आंबा हिरवा का पाठवतो’. हा झाला ‘का’चा लेख.

‘कसे’चा लेख अढीचा. भाताच्या पेंढ्यात आंबे थराथराने मांडून, हवा खेळती ठेवून, दिवसाआड उलटेपालटे करून आणि पिकलेले वेगळे काढून फळ कसे पिकवायचे, हे काकी फोनवर रोज सांगत होत्या. पण मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात पेंढा कुठून आणायचा? येथे तिसरा लेख निघाला : जागा नसताना, पेंढा नसताना, पेटीतल्या पेटीतच आंबा कसा पिकवावा. वाचक बदलला की विषय बदलतो, हे या ठिकाणी मला प्रथम स्पष्ट दिसले. हाच विषय गावाकडे घर असलेल्यासाठी वेगळा आहे आणि सदनिकेत राहणाऱ्यासाठी वेगळा.

‘किती’चा लेख दिवसांचा. मार्चमधली पेटी आणि मे महिन्यातली पेटी सारख्या दिवसांत पिकत नाही. उष्मा वाढला की फळ लवकर पिकते. म्हणून ‘आठ दिवसांत पिकेल’ असे छापील उत्तर देण्यापेक्षा पिकल्याच्या खुणा सांगाव्यात : देठाजवळ येणारा वास, बोटाला जाणवणारा हलका मऊपणा, सालीवर पडू लागलेल्या बारीक सुरकुत्या. नुसत्या रंगावर जाऊ नये, हेही सांगावे.

‘चुकले तर’चा लेख फ्रीजचा. हिरवी पेटी आली की अनेक जण काळजीने आंबे आधी फ्रीजमध्ये ठेवतात आणि तेथेच घोटाळा होतो. कच्चा आंबा साधारण बारा-तेरा अंशांखालच्या थंडीत राहिला तर त्याला गारठ्याची इजा होते, साल डागाळते आणि पुढे तो धड पिकत नाही. आधी बाहेर पूर्ण पिकू द्यावा आणि मग हवा तर गार करावा, एवढे एक वाक्य सांगण्यासाठीसुद्धा स्वतंत्र लेख असायला हरकत नाही, कारण ज्याला हे हवे असते तो अढीचा पंधराशे शब्दांचा लेख वाचणार नसतो.

शेवटी ‘तुलने’चा लेख. पिवळा धमक आंबा बाजारात सहज मिळत असताना आमचाच हिरवा का, या प्रश्नातून पिकवण्याच्या पद्धतींचा विषय निघाला. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळे पिकवण्यावर आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंदी आहे. इथिलीन वायू मात्र दशलक्षात शंभर भागांपर्यंतच्या मर्यादेत वापरता येतो. हा फरक न कळल्यामुळे ग्राहक दोन्हींना सरसकट ‘पावडर मारलेला आंबा’ म्हणतात. तो भेद तटस्थपणे, कोणत्याही विक्रेत्याचे नाव न घेता सांगितला, तर ग्राहकाला खरोखर उपयोगाची माहिती मिळते.

एका तक्रारीतून असे सहा लेख निघाले, कारण ‘कसे’चेच दोन झाले. का, कसे, किती, चुकले तर आणि कशाच्या तुलनेत, हे पाच शब्द कागदाच्या डाव्या बाजूला लिहून प्रत्येक प्रश्न त्यांच्यापुढे धरावा. प्रत्येक वेळी पाचही निघतील असे नाही आणि ओढूनताणून काढूही नयेत. ‘चार डझनाची पेटी महाग का’ या प्रश्नातून आम्हाला एकच लेख मिळाला. पेटी तेवढीच असते, फळ मोठे असले की कमी डझन मावतात, आणि मोठ्या फळाचा भाव चढा असतो. हे सांगून झाल्यावर आणखी सांगण्यासारखे काही उरले नाही. तो लेख चारशे शब्दांचा झाला आणि तेवढाच ठेवला.

ग्राहकाचे पंचांग

विषय कोणता, याइतकेच तो कधी हे महत्त्वाचे असते. बागायतदाराचे वर्ष मोहोराने सुरू होते. थंडी किती पडली, तुडतुडे आणि फुलकिडे किती आले, अवकाळी पावसाने मोहोर किती झडला, हे त्याच्या बोलण्यात डिसेंबरपासून असते. ग्राहकाचे आंब्याचे वर्ष मात्र वाशीच्या बाजारात हंगामातली पहिली पेटी आल्याची बातमी वाचून जागे होते, पाडव्याला चाळवते, अक्षय्य तृतीयेला भरात येते आणि पहिल्या पावसाबरोबर संपते. दोन्ही पंचांगे एकाखाली एक लिहून काढली की लेखाची तारीख आपोआप ठरते. मोहोराविषयीचा लेख हौशी वाचकासाठी थंडीत लिहावा, पण ‘यंदा आंबा उशिरा का’ हा लेख मार्चच्या सुरुवातीला तयार असावा, कारण ग्राहक तेव्हा तेच विचारत असतो.

शोधयंत्रांना नवे पान सापडून ते वर यायला वेळ लागतो. म्हणून हंगामी विषयाचा लेख मागणीच्या निदान दीड-दोन महिने आधी चढवावा, असा माझा अनुभव आहे. आमचा अढीचा लेख पहिल्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात तयार झाला, म्हणजे पेट्या निम्म्या संपल्यावर. त्या वर्षी त्याचा उपयोग झाला तो काकींनी लोकांना दुवा पाठवण्यापुरताच.

ज्यांचा धंदा हंगामी नाही असे वाटते, त्यांच्याही ग्राहकाला पंचांग असते. करसल्लागाराकडे जुलैत येणारे प्रश्न आणि मार्चमध्ये येणारे प्रश्न वेगळे असतात. जलशुद्धीकरण यंत्रे दुरुस्त करणाऱ्याला पहिल्या पावसानंतर गढूळ पाण्याविषयी विचारले जाते आणि कोल्हापुरी चपला विकणाऱ्याला ‘पावसात चालेल का’ हा प्रश्न नेमका जूनमध्ये येतो.

गूगलची पेटी

येथवर एकाही साधनाची गरज पडली नाही, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. शोधयंत्राची मदत आता घ्यावी, ती विषय मिळवण्यासाठी नव्हे, मिळालेला विषय लोक कोणत्या शब्दांत शोधतात ते पाहण्यासाठी. गूगलच्या रकान्यात ‘हापूस आंबा’ एवढे टंकून थांबले की खाली सूचना उतरतात. मग त्यापुढे ‘कसा’, ‘का’, ‘किती’ असे शब्द एकेक जोडून पाहावे. निकालांच्या मध्ये लोक विचारत असलेल्या आणखी प्रश्नांची चौकट दिसते आणि पानाच्या तळाशी संबंधित शोध असतात. मराठीत एक जादा काम करावे लागते. तोच प्रश्न देवनागरीत, रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीत, आणि हिंदी किंवा इंग्रजीतही टंकून पाहावा, कारण मराठी माणूस फोनवर या चारही तऱ्हांनी शोधतो. शुद्धलेखनाचाही फेर असतो. अढीला कोणी ‘आढी’ लिहितो, कोणी ‘आडी’, आणि अनेकांना तो शब्दच ठाऊक नसल्यामुळे ते ‘आंबे पिकवण्याची पद्धत’ असे शोधतात. लेखात हे पर्याय सहजपणे एकदा येऊन जावेत. मथळ्यात त्यांची गर्दी करू नये.

गूगल ट्रेंड्सवर एखादा शब्द वर्षभरात केव्हा वर जातो ते दिसते, आणि आपले पंचांग बरोबर आहे की नाही ते ताडून पाहायला ते बरे पडते. याहून अधिक साधनांच्या मागे छोट्या व्यावसायिकाने लागू नये असे माझे मत आहे. संगणकाला ‘आंबाविक्रेत्यासाठी पन्नास विषय दे’ असे सांगितले की पन्नास विषय मिळतात हे खरे. पण तेच पन्नास शेजारच्या बागायतदारालाही मिळतात, आणि न्यू जर्सीच्या मुलीचा प्रश्न त्यांत नसतो.

‘नाही’ असे उत्तर असलेले विषय

त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही’ असे होते. भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ २००७ साली पुन्हा खुली झाली ती विकिरणाच्या, म्हणजे किडीच्या बंदोबस्तासाठी फळांवर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर. फळांवर ठरलेल्या मात्रेने विकिरण होऊन, तपासणीचे कागद घेऊनच माल तिकडे जातो आणि त्यासाठीची सोय वाशी, लासलगाव अशा ठिकाणी आहे. नातेवाइकाने कुरिअरने पेटी धाडण्याचा मार्ग त्यात नाही. बागायतदार म्हणाले, ‘जो माल आपण पाठवूच शकत नाही, त्यावर लेख कशाला?’ मी आग्रह धरला, कारण हा प्रश्न वहीत सातत्याने येत होता आणि विचारणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईतले आईवडील होते, म्हणजे आपलेच ग्राहक. लेखात नियम सांगितला, निर्यातदारांमार्फत गेलेली फळे तेथील दुकानांत मिळतात हे सांगितले आणि थांबलो. पेटी विकण्याचा शब्दही त्यात नाही.

त्याहून अवघड होता साक्याचा लेख. आपल्या मालात निघू शकणारा दोष आपणच जाहीर करायचा, याला घरातून विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. पण वहीतल्या सर्वांत संतापलेल्या नोंदी त्याच होत्या. फळ बाहेरून निर्दोष दिसते आणि कापल्यावरच आतला पांढरट, आंबूस, फोफसा गर दिसतो. त्यामुळे ग्राहकाला आपण फसवले गेलो असे वाटते. त्याला हे सांगणे भाग होते की हा दोष हापूसच्या जातीतच आहे, विक्रेत्यालाही तो बाहेरून ओळखता येत नाही, फळ झाडावर फार काळ राहिले किंवा उतरवल्यावर उन्हात तापलेल्या जमिनीवर पडून राहिले तर तो वाढतो, आणि चौदा आण्यांवर उतरवून लगेच सावलीत नेण्याने तो कमी करता येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ जातीत साका होत नाही, ही माहितीही दिली, जरी आमच्या बागेत रत्नाची झाडे नव्हती. शेवटी, साका निघाल्यास छायाचित्र पाठवा, तेवढी फळे पुढच्या पेटीत भरून देऊ, असे एक वाक्य टाकले. हा लेख लिहिण्याआधी ते वाक्य पाळता येईल की नाही याचा हिशेब मात्र घरात बसून केला होता. लेख लिहिता लिहिता धंद्याचे धोरण ठरते, ते असे.

‘देवगडच कशावरून’ या प्रश्नाचे उत्तरही असेच थोडे अडचणीचे होते. हापूसला २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. ते वापरण्यासाठी बागायतदाराला नोंदणी करावी लागते, आणि ग्राहकाने त्या नोंदणीविषयी विचारणे हा त्याच्या हातातला एक साधा उपाय आहे. पण नुसते छायाचित्र पाहून देवगडचा आंबा आणि परप्रांतातून येणारा दिसायला सारखा आंबा खात्रीने ओळखता येतो, असा दावा आम्ही केला नाही. तो अनेक ठिकाणी केलेला आढळतो आणि वाचकांना आवडतोही.

चाळणी

एवढे केल्यावर यादीत पन्नास-साठ विषय सहज जमतात आणि मग उलटी अडचण येते, की कोणते सोडावेत. मी तीन गोष्टी पाहतो. हा प्रश्न विचारणारा माणूस केव्हातरी आपला ग्राहक होईल का? याचे उत्तर आपल्याला कामातून माहीत आहे का, की चार ठिकाणचे वाचून जुळवावे लागेल? आणि आपल्याकडे असे काही आहे का, जे दुसऱ्याच्या लेखात नसेल, म्हणजे बागेतले छायाचित्र, मोजलेले वजन किंवा स्वतः करून पाहिलेला प्रयोग?

‘मधुमेहींनी आंबा खावा का’ हा प्रश्न लोक खूप शोधतात, पण तो या चाळणीतून खाली पडला. त्याचे उत्तर देणे हे डॉक्टरांचे आणि आहारतज्ज्ञांचे काम आहे. आंबा विकणाऱ्याने ‘बिनधास्त खा’ असे लिहिणे चुकीचे, आणि ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेच लिहायचे तर त्याला लेख म्हणता येत नाही. याउलट देठ ठेवून फळ का उतरवतात हा विषय कोणी फारसा शोधत नसूनही आम्ही घेतला. देठ मुळाशी तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि तेथे काळे डाग पडतात. म्हणून पाते आणि जाळी असलेल्या झेल्याने देठासकट फळ काढावे लागते. ‘आंब्यावर काळा डाग आहे, नासका आहे का?’ या वहीतल्या प्रश्नाचे उत्तर त्या झेल्याच्या दोन छायाचित्रांत होते, आणि ती छायाचित्रे आमच्याखेरीज कोणाकडे नव्हती.

लेख चढवल्यानंतरची विहीर

लेख प्रसिद्ध झाल्यावर विषय मिळण्याचा आणखी एक झरा सुरू होतो. गूगल सर्च कन्सोल हे विनामूल्य साधन संकेतस्थळाला जोडले की लोक कोणते शब्द टंकून आपल्या पानापर्यंत आले, आणि कोणत्या शब्दांना आपले पान नुसते दिसले पण कोणी उघडले नाही, ही यादी मिळते. मागील सोळा महिन्यांपर्यंतची नोंद त्यात असते, त्यामुळे गेल्या हंगामाशी तुलना करता येते. ही यादी तीन महिन्यांतून एकदा शांतपणे वाचावी. ज्या शोधाला आपले पान दहाव्या-पंधराव्या क्रमांकावर दिसते, पण त्या प्रश्नाला आपल्या लेखात जेमतेम एक ओळ आहे, तो प्रश्न पुढच्या लेखाचा विषय. फ्रीजचा लेख वेगळा काढायचे आम्ही असेच ठरवले. अढीच्या लेखात त्याविषयी एकच वाक्य होते आणि लोक त्या वाक्यासाठी येत होते.

त्याच वेळी जुने लेखही चाळावेत. भाव, नियम, पाठवणीचे दिवस बदललेले असतात. नवा विषय शोधण्यापेक्षा जुन्या लेखातले चुकीचे झालेले वाक्य दुरुस्त करणे पुष्कळदा अधिक गरजेचे असते, पण त्या कामाचा उत्साह कोणालाच नसतो, मलाही नसतो. म्हणून त्यासाठी पावसाळ्यातले चार दिवस राखून ठेवलेले बरे.

वही मात्र पावसाळ्यातही मिटू नये. त्या घरात शेवटची पेटी गेल्यावर फोन थंडावले होते आणि नातवाने वही कपाटात ठेवून दिली होती. जुलैत एक फोन आला तो काकींनी घेतला आणि प्रश्न दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवला : ‘तुमच्या आंब्याची कोय कुंडीत रुजली आहे, तिला हापूसच लागेल ना?’ हापूसच्या कोयीपासून वाढलेले झाड हापूसचेच निघेल याची खात्री नसते, म्हणून तर कलमे बांधावी लागतात, आणि कोय कलम बांधण्याचे दिवसही नेमके तेच असतात. दुसऱ्या दिवशी नातू आजोबांबरोबर रोपवाटिकेत गेला, कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवतानाची सहा छायाचित्रे त्याने काढली, आणि हंगाम नसतानाच्या त्या महिन्याचा लेख संध्याकाळपर्यंत तयार झाला.